कांचतंतूची काया आणि मोटारीचें सोंग

मार्गशीर्षांतील एका सायंकाळीं चिंचवडच्या एका मंगल कार्यालयाबाहेर आम्ही उभे असतां वरातीची मोटार आली. लांब नाकाडाची, उघड्या टपाची, चाकांवर फुगीर पंख असलेली आणि समोर दोन वाटोळे पितळी दिवे मिरविणारी ती मोटार १९३० च्या सुमाराच्या विलायती मोटारींसारखी हुबेहूब दिसत होती. म्हातारीं माणसें कौतुकानें जवळ गेलीं, तरुणांनीं छायाचित्रें घेतलीं, आणि नवरदेव मोठ्या ऐटीनें तींत चढला. आम्ही पडलों इतिहासाचे अध्यापक. जुनें कांहीं दिसलें कीं त्यावरून हात फिरविल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. हात फिरविला, तों पत्र्याचा गारवा हाताला लागेना. बोटानें टिचकी मारली, तों धातूचा नाद न येतां लांकडासारखा बसका आवाज आला. मोटार कांचतंतूची, म्हणजे बाजारांत ज्याला नुसतें ‘फायबर’ म्हणतात त्या द्रव्याची होती. अधिक वांकून पाहिलें तेव्हां दाराच्या बिजागरीभोंवतीं रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पसरलेल्या दिसल्या.

ही मोटार आमच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांची होती, हें येथें सांगितलें पाहिजे. पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यांत बत्तीस वर्षें नोकरी करून ते निवृत्त झाले आणि ग्रॅच्युइटीच्या रकमेचा मोठा भाग त्यांनीं ह्या मोटारींत घातला. लग्नसराईंत ती भाड्यानें द्यावी आणि उतारवयांत चार पैसे गांठीं बांधावे, हा त्यांचा बेत. दुसऱ्याच पावसाळ्यानंतर भेगा दिसूं लागल्या. ते आम्हांस म्हणाले, “दादा, तुम्ही जुन्या वस्तूंची परीक्षा करतां, ह्या नव्या वस्तूची करून द्या.” ती परीक्षा करतांना आम्हांस जें समजलें, तें वाचकांपुढें मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम स्थळाचा विचार करूं. पिंपरी-चिंचवड हें आज मोटारींचें माहेरघर म्हणून ओळखलें जातें. पण मोरया गोसाव्यांचें चिंचवड आणि तिच्या भोंवतालचीं गांवें यंत्रयुगांत आलीं तीं स्वातंत्र्यानंतर. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें. त्याच दशकांत आकुर्डीस बजाजचा आणि १९६६ सालीं पिंपरीस टेल्कोचा कारखाना उभा राहिला. १९७० सालीं नगरपालिका आणि १९८२ सालीं महानगरपालिका झाली. पुढें ही कारखानदारी इंद्रायणी ओलांडून चाकणास पोंचली. १९९९ सालीं बजाजचा आणि २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना तेथें सुरू झाला. ह्या सर्व कारखान्यांचा प्राण म्हणजे प्रचंड दाबयंत्र. पोलादाचा पत्रा एका बाजूनें आंत जातो आणि क्षणार्धांत दार होऊन बाहेर पडतो. परंतु त्या दाराचे पोलादी सांचे बनविण्यास कोट्यवधि रुपये लागतात, आणि हजारों मोटारी विकल्या तरच तो खर्च भरून येतो. ज्याला पन्नासच मोटारी करावयाच्या आहेत त्यानें काय करावें? ह्या प्रश्नाच्या उत्तरांतच कांचतंतूच्या मोटारीचा सारा इतिहास सांठविलेला आहे.

कांच वितळवून तिचे केसाहून बारीक तंतु काढावे, ही कल्पना जुनी. पण तिला व्यापारी रूप आलें तें अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत. १९३८ सालीं ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी ह्याच मालासाठीं स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पॉलिएस्टर नांवाची राळ हाताशीं आली, आणि तंतु व राळ ह्यांचें लग्न लागलें. तंतूंनीं ताण सोसावा आणि राळेनें त्यांना एकत्र बांधून आकार द्यावा, असा हा संसार आहे. आमच्याकडे शेणामातींत भुसा किंवा काथ्या कालवून भिंत लिंपीत, त्यामागचें शहाणपण हेंच. कोरडी माती तडकते, नुसता काथ्या उभा राहत नाहीं. दोन्हीं एकत्र आलीं कीं भिंत टिकते.

१९५३ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत शेव्हरोलेनें ‘कॉर्व्हेट’ नांवाची दोन आसनांची मोटार मांडली. तिचा सारा देह कांचतंतूचा होता. त्या वर्षीं अवघ्या ३०० मोटारी निघाल्या, आणि सगळ्या पांढऱ्या रंगाच्या. पोलादी सांच्यांची वाट न पाहतां मोटार लवकर बाजारांत आणण्याचा हा मार्ग होता. इंग्लंडांत कॉलिन चॅपमन ह्यांच्या लोटस कंपनीनें १९५७ सालीं ‘एलीट’ मोटारींत याहूनही पुढें पाऊल टाकलें. तींत वेगळा लोखंडी सांगाडा असा जवळजवळ नव्हताच, कांचतंतूची कायाच सांगाड्याचें काम करी. म्हणजे हें द्रव्य मुळांत गरिबाची नक्कल म्हणून जन्मास आलेलें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तें नवनिर्मितीचें साधन होतें. नक्कल करण्यास सोयीचें आहे, हें लोकांस मागाहून कळलें.

आणि सोय तरी केवढी! एका जुन्या मोटारीवर मेण चढवावें, तिच्यावरून सांचा काढावा, आणि त्या सांच्यांतून हव्या तितक्या काया उतरवाव्या. १९६२ सालची ‘कोब्रा’ मूळची ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. आज जगांत जितक्या खऱ्या कोब्रा आहेत त्यांच्या कितीतरी पट तिच्या कांचतंतूच्या प्रतिकृति आहेत. ज्या मोटारी धनिकांच्याच आवांक्यांत होत्या, त्यांचें रूप अशा रीतीनें मध्यम स्थितींतील हौशी माणसाच्या अंगणांत आलें. ह्यांत निंद्य असें कांहीं नाहीं. पेणचा मूर्तिकार एका सांच्यांतून शेंकडों गणपति काढतो, म्हणून कोणी त्याला नकलाकार म्हणत नाहीं. प्रत्येक घरीं देव पोंचतो हेंच त्याचें श्रेय.

पेणची आठवण आली ती निष्कारण नव्हे. त्याच रायगड जिल्ह्यांत अलिबागजवळ कार्लेखिंड येथें ह्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत ‘चिंकारा मोटर्स’ नांवाचा लहानसा कारखाना निघाला. ग्वीडो बोथ नांवाच्या जर्मन गृहस्थांनीं तेथें जी ‘रोडस्टर’ मोटार केली, ती १९५७ सालच्या लोटस सेव्हनच्या वळणाची होती. काया कांचतंतूची आणि यंत्र आपल्या ‘ॲम्बॅसॅडर’मध्यें बसविलें जाणारें १.८ लिटरचें इसुझू. विलायतेचें रूप, जपानचें हृदय आणि कोंकणची माती असा तो त्रिवेणी संगम होता. त्याआधीं बंगळुरास सिपानी यांनीं १९८० नंतरच्या दशकांत इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून ‘डॉल्फिन’ ही कांचतंतूची छोटी मोटार काढली होती, आणि शतकाच्या अखेरीस रेनोचें यंत्र असलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही उघडी मोटारही ह्याच द्रव्याची निघाली. यांपैकीं एकहि मोठ्या संख्येनें खपली नाहीं. परंतु दाबयंत्रावांचून मोटार करतां येते, ही गोष्ट त्यांनीं आपल्या देशांत सिद्ध केली.

आतां आमच्या मेहुण्यांच्या मोटारीकडे वळूं. ती जेथें झाली त्या कारखान्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. भोसरींत बसगाड्यांचे पुढचे भाग, टेम्पोचे टप आणि गणेशोत्सवाची आरास अशीं कामें करणारे एक जुने कारागीर आहेत. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्यें आम्हीं ती मोटार नेली. त्यांनीं प्रथम एक नाणें घेतलें आणि साऱ्या अंगावर ठिकठिकाणीं वाजवून पाहिलें. जेथें थर एकजीव आहेत तेथें आवाज खणखणीत येतो, आणि जेथें आंत पोकळी आहे तेथें तो मेलेला येतो. वैद्यानें छाती ठोकून पाहावी तसा तो प्रकार होता. मग खडूनें खुणा करून त्यांनीं घांसण्याचें यंत्र चालविलें, आणि एकेक दोष उजेडांत आला.

ह्या कामाची रीति अशी असते. सांच्यास मेण लावून त्यावर प्रथम ‘जेलकोट’ म्हणजे रंगीत राळेचा थर देतात. तो सुमारें अर्धा मिलिमीटर असावा. मोटारीचें जें अंग आपणांस दिसतें तें हेंच. म्हणजे वस्तु बाहेरून आंत अशी, उलट्या क्रमानें घडत जाते. मग तंतूंची ‘मॅट’ पसरून तीवर राळ ओततात आणि लोखंडी रोलरनें दाबून आंतली हवा बाहेर काढतात. राळ घट्ट होण्यासाठीं तींत शेंकडा एक ते दोन ह्या प्रमाणांत ‘हार्डनर’ मिसळतात. वजनाच्या मानानें मॅट सुमारें तीस भाग आणि राळ सत्तर भाग असली कीं हातकाम चांगलें समजावें.

यांत चुकण्याच्या जागा अनेक. जेलकोट जाड झाला तर तो ठिसूळ होऊन तडकतो. पातळ राहिला तर वरची राळ त्याला खाते व सुरकुत्या पडतात. कोपरा फार धारदार असला तर मॅट त्यांत बसत नाहीं, मागें हवा राहते. पुढें उन्हांत ती हवा फुगते किंवा बोट दाबतांच कवच फुटतें. घट्ट होतांना पॉलिएस्टर राळ आकारमानानें शेंकडा पांच ते आठ आकसते. म्हणून पुरती वाळण्यापूर्वीं काया सांच्यांतून ओढून काढली तर ती पिळवटते, दारें चौकटींत बसत नाहींत, आणि कांहीं महिन्यांनीं चकचकीत रंगाखालून मॅटचे धागे उमटून दिसूं लागतात. सांच्याचें मेण नीट न धुतां रंग दिला तर त्याला डोळे पडतात आणि पुढें पापुद्रे सुटतात. बिजागरी, कुलूप, आसन अशा जागीं भार एकवटतो. तेथें आंत धातूची पट्टी बसवून थर वाढविले नाहींत तर भेगा ठरलेल्याच. आमच्या मेहुण्यांच्या मोटारींत बिजागरीमागें हलक्या प्लायवूडचा तुकडा होता. तो धड झांकलेलाही नव्हता. दोन पावसाळ्यांचें पाणी पिऊन तो भिजल्या पावासारखा झाला होता.

ऋतूचाही येथें मोठा वांटा आहे. पॉलिएस्टर राळेला दमट हवेचें वांकडें. मॅटनें ओल धरली तर राळ तंतूंत भिनत नाहीं आणि थर पांढुरके राहतात. माघाच्या पहांटे थंडीनें राळ आळसावते, तर वैशाखांत ती भांड्यांतच गोठूं लागते. म्हणून ऋतु पाहून हार्डनर कमीजास्त करणें आणि पावसाळ्यांत शेड कोरडी ठेवणें हें ह्या धंद्यांतलें खरें ज्ञान. तें कोणत्याही डब्यावर पुरतें छापलेलें नसतें.

लोकांत ह्या द्रव्याविषयीं भ्रमही पुष्कळ आहेत. ‘फायबर म्हणजे हलकें,’ असें सर्रास म्हणतात. पोलादाची घनता ७.८ आणि कांचतंतूच्या थराची सुमारें १.५ हें खरें. परंतु पोलादाचा पत्रा ०.८ मिलिमीटर पुरतो, तेथें फायबर तीन मिलिमीटर लागतो. चौरस मीटरास पत्रा सव्वासहा किलो भरतो, तर फायबर साडेचार. कारागिरानें भीतीपोटीं राळ अधिक ओतली कीं हाही फरक नाहींसा होतो, आणि काया वजनदार असूनही दुबळी राहते. ‘फायबर गंजत नाहीं,’ हेंही अर्धेंच खरें. काया गंजत नाहीं, पण तिच्या पोटांतला लोखंडी सांगाडा गंजतो, आणि वरून दिसत नसल्यामुळें निर्धास्तपणें गंजतो. शिवाय पत्रा विजेला परतीची वाट देतो, फायबर देत नाहीं. प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार हवी. ती हयगयीनें जोडली म्हणजे दिवे मिणमिणतात, आणि दोष मात्र बॅटरीच्या माथीं मारला जातो.

एवढें झाल्यावर आम्हीं त्या कारागिरांस विचारलें, “म्हणजे हें द्रव्यच वाईट म्हणावयाचें काय?” ते म्हणाले, “सर, मालाचा काय दोष? आठ दिवसांचें काम तीन दिवसांत उरकलंय.” इतिहासाच्या शेंकडों पानांवर जो निष्कर्ष आम्ही विद्यार्थ्यांस काढावयास सांगतों, तो त्यांनीं एका वाक्यांत सांगितला. कॉर्व्हेटचें द्रव्य तेंच, ह्या मोटारीचेंही तेंच. अंतर पडलें तें वेळेंत आणि सचोटींत.

त्या शेडमध्यें आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली, आणि ती भेगांहून अधिक बोंचली. राळेंतील स्टायरीनचा उग्र दर्प डोळ्यांना झोंबत होता. घांसलेल्या कांचेची धूळ उन्हाच्या तिरिपेंत चमकत होती. दोन तरुण पोरें तोंडाला नुसता रुमाल बांधून काम करीत होतीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१८ सालीं स्टायरीनची गणना बहुधा कर्कजनक अशा पदार्थांत केली आहे. कारागिरांस आम्हीं हें सांगितलें. त्यांनीं मान हालविली आणि भिंतीवर टांगलेला वाफा अडविणारा मुखवटा दाखविला. “उकाड्यांत पोरं घालत नाहींत,” म्हणाले. वरातीच्या मोटारीचें भाडें ठरवितांना ह्या श्वासांची किंमत कोणी धरीत नाहीं. पुणें शहराच्या तांबट आळींत पिढ्यान्‌पिढ्या घण घालून कान बधिर झालेल्या माणसांचीही ती कधीं धरली गेली नाहीं. मोठ्या कारखान्यांत यंत्रमानव रंग देतो आणि पंखे वाफ ओढून नेतात. त्याच कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर हें जुनें युग अजून चालू आहे. दोन शतकें एका रस्त्याच्या दोन कडांवर नांदावीं, असा हा प्रदेश.

पण मेहुण्यांस खरा धक्का बसला तो कागदपत्रांमुळें. नव्या घडणीची मोटार रस्त्यावर आणावयाची तर तिच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून परीक्षा व्हावी लागते. अशा संस्था आपल्या दाराशींच आहेत: १९६६ सालीं स्थापन झालेली पुण्याची ‘एआरएआय’ आणि भोसरीची ‘सीआयआरटी’. पांच-दहा मोटारी करणाऱ्यास तो खर्च झेपत नाहीं. म्हणून पळवाट अशी काढतात कीं, जुन्या मोटारीचा सांगाडा व यंत्र घ्यावें, तीवर नवी काया चढवावी आणि कागद जुन्याच मोटारीचे चालवावे. आमच्या मेहुण्यांस मिळालेले कागद अशाच एका साध्या बंद मोटारीचे होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असा बदल करण्यास मनाई करतें, आणि मूळ उत्पादकानें नोंदविलेल्या तपशिलाशीं विसंगत बदल चालणार नाहींत असें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत स्पष्ट केलें आहे. २०२१ सालीं सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठीं ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. परंतु मूळ स्वरूप जपणें ही तिची अट आहे. म्हणजे नक्कल ही जुन्यांत बसत नाहीं आणि नव्यांतही नाहीं. ती रूपानें जुनी, वयानें नवी आणि कागदावर तिसरीच कोणी. आमच्या मतें कायदा येथें कठोर असला तरी अन्यायी नाहीं. ज्या मोटारींत दुसऱ्याचीं लेंकरें बसावयाचीं, तिचा ब्रेक कोणत्या वजनास बेतलेला आहे आणि आसन कशाला जखडलेलें आहे, हें कोणीतरी तपासलेंच पाहिजे.

चाकणच्या चौकांतून जातांना आम्हांस नेहमीं संग्रामदुर्ग आठवतो. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा ह्यानें शाएस्तेखानाच्या अफाट फौजेपुढें तो भुईकोट सुमारें दोन महिने झुंजविला. समोरच्या माऱ्यानें गड पडला नाहीं. शत्रूनें बुरुजाखालीं भुयार खणून सुरुंग पेटविला, तेव्हां तो पडला. बुरूज बाहेरून भक्कमच होता. घात झाला तो पोटांतल्या पोकळीनें. फायबरच्या कायेची कथा ह्याहून निराळी नाहीं. म्हणून अशी वस्तु घेणारानें रंगाच्या झळाळीकडे न पाहतां तिची पाठ पाहावी, पंखाखालीं हात घालून थर चांचपावे, बिजागरीमागें काय आहे तें विचारावें, आणि सर्वांत आधीं कागद वाचावे. दिसतें तसें नसतें म्हणून जग फसतें, ही म्हण आपल्या आजीबाईंनीं फायबर पाहण्यापूर्वींच करून ठेविली आहे.

आमच्या मेहुण्यांची मोटार त्या कारागिरांनीं महिनाभर राबून दुरुस्त केली. भेगा तंतूंपर्यंत घांसून मागच्या बाजूनें नवे थर दिले, प्लायवूड काढून तेथें लोखंडी पट्टी बसविली. परंतु ती आतां रस्त्यावर धांवत नाहीं. ट्रकवर घालून कार्यालयाच्या आवारांत नेतात, आणि नवरानवरी तींत बसून छायाचित्र काढवितात. अर्थात् भाडें निम्म्यावर आलें आहे, आणि बहिणीच्या घरीं ह्या विषयावर अद्याप कोणी मोकळेपणानें बोलत नाहीं. मोटारीच्या समोर पूर्वीच्या कारखानदारानें ‘१९३४’ असें कोरलेली पितळी पाटी ठोकली होती. दुरुस्तीच्या अखेरच्या दिवशीं मेहुण्यांनीं स्वतःच्या हातानें तिचे चारही स्क्रू काढले. कारागिरांनीं विचारलें, “साहेब, भोकं बुजवूं ना?” मेहुणे म्हणाले, “बुजवा. पण आधीं मागून थर द्या.”